वाचकांचे प्रश्न : इंग्रजीतले ‘मिस’ स्पॅनिश भाषकांना कसे समजवावे?

प्रश्न : मी नाशिकला राहते आणि दोन वर्षांपासून घरूनच इंटरनेटवर इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते. माझे बहुतेक विद्यार्थी कोलंबिया, मेक्सिको आणि स्पेन या देशांतले आहेत. ‘मिस’ या क्रियापदापाशी ते हमखास अडखळतात. बस चुकली की ‘आय लॉस्ट द बस’ म्हणतात, खेळाडूचा नेम चुकला की ‘ही फेल्ड द पेनल्टी’ म्हणतात, आणि आईची आठवण येते हे सांगताना एका विद्यार्थिनीने चक्क ‘माय मदर मेक्स मी लॅक’ असे लिहिले. शब्दकोशात ‘मिस’पुढे आठ-दहा स्पॅनिश शब्द ओळीने मांडलेले असतात, पण कोणता कुठे लावायचा ते कळत नाही. माझे स्पॅनिश जेमतेम आहे. यातून वाट कशी काढावी?

उत्तर : तुम्ही दिलेल्या तिन्ही चुका स्पॅनिशच्या बाजूने पाहिल्या तर त्यांत मोठी शिस्त आहे. स्पॅनिशमध्ये ‘पेर्देर’ म्हणजे हरवणेही आणि गाडी चुकणेही. ‘फायार’ म्हणजे अपयशी होणेही आणि नेम हुकणेही. ‘मे आसे फाल्ता मी माद्रे’ या वाक्याचा शब्दशः अर्थ ‘माझी आई मला उणीव करते’ असा काहीसा होतो. विद्यार्थिनीने ते जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले, एवढेच. तेव्हा दोष त्यांच्या आकलनाचा नसून इंग्रजीने एकाच क्रियापदात किती गोष्टी कोंबल्या आहेत, त्याचा आहे. शिवाय इंग्रजीत कर्ता बहुतेक वेळी माणूसच असतो. बस निघून गेलेली असो, पुस्तकातले पान गळलेले असो किंवा आई दूर असो, ‘मिस’ करणारे आपणच. स्पॅनिश भाषा मात्र दरवेळी दोन गोष्टी विचारते : नेमके काय निसटले, आणि ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

हे तुमच्या विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी तुमच्यापाशी एक साधन आहे, जे इंग्रज शिक्षकापाशी नाही. ते म्हणजे आपले ‘चुकणे’. आपली गाडी चुकते, नेम चुकतो, वाट चुकते, जत्रेत मूल चुकते, दोघांची चुकामूक होते आणि घरातले कोणी परगावी गेले की चुकल्याचुकल्यासारखे वाटते. इंग्रजी ‘मिस’ हे मुळात याच घराण्यातले क्रियापद आहे. त्याचे जुने जर्मानिक मूळ ‘नेम वा वाट चुकणे’ या अर्थाचे असून ‘मिस्टेक’ आणि ‘मिसअंडरस्टँड’ यांच्या आरंभी येणारा ‘मिस’ हा उपसर्ग त्याचाच भाऊबंद आहे. आधी चूक, मग हुकलेपणा, मग उणीव आणि शेवटी त्या उणिवेची हुरहूर असा अर्थाचा प्रवास मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.

आता ‘पेर्देर’कडे वळू, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. गाडी, विमान, बस यांच्या बाबतीत स्पॅनिश लोक साधे ‘पेर्देर’ वापरतात. ‘पेर्दी एल त्रेन’ म्हणजे माझी गाडी चुकली. सिनेमा, समारंभ किंवा सामना चुकला तर त्यालाच आत्मवाचक ‘से’ जोडून ‘पेर्देर्से’ करतात आणि ‘मे पेर्दी ला पेलीकुला’ म्हणतात. नुसते ‘मे पेर्दी’ म्हटले तर मात्र ‘मी वाट चुकलो’ असा अर्थ होतो. म्हणजे सिनेमा चुकणे आणि वाट चुकणे यांना तिथेही एकच क्रियापद पुरते. पत्ता सांगताना इंग्रजीत ‘यू कान्ट मिस इट’ म्हणतात, त्याला स्पेनमध्ये ‘नो त्येने पेर्दिदा’ असे म्हणतात. आपल्याकडचा पानवालाही ‘सरळ जा, चुकायचं नाही’ असेच सांगतो.

विद्यार्थ्याला इंग्रजीकडे नेताना एक कसोटी द्यावी. जी वस्तू हातात होती आणि गेली, ती ‘लूज’. जिच्यापर्यंत पोहोचायचे होते पण पोहोचता आले नाही, ती ‘मिस’. किल्ली हरवली तर ‘लूज’, बस चुकली तर ‘मिस’. संधीच्या बाबतीत इंग्रज स्वतःच डळमळतात, त्यामुळे तिथे फार ताणू नये. मात्र ‘पेर्देर एल त्येम्पो’ हा प्रयोग वेगळा काढून दाखवावा, कारण तिथे ‘लूज’ही चालत नाही आणि ‘मिस’ही चालत नाही. वेळ वाया घालवण्यासाठी इंग्रजीत ‘वेस्ट’ हेच क्रियापद लागते.

खात्याचा मुद्दा याहून गमतीचा आहे. कोलंबियात बस चुकलेला माणूस पुष्कळदा ‘मे देखो एल बुस’ म्हणतो, म्हणजे ‘बस मला सोडून गेली’. मेक्सिकोत बसला ‘काम्योन’ म्हणतात आणि तिथे ‘से मे फ्वे एल काम्योन’ असे ऐकू येते, म्हणजे बस निघून गेली आणि त्याची झळ मला बसली. यात उशिरा उठल्याची कबुली कुठेच नाही! ‘माझी बस चुकली’ या वाक्यात आपणही बसलाच कर्ता करतो आणि स्वतः षष्ठीच्या आडोशाला उभे राहतो. नजरेतून काही सुटले तर तेच. छपाईतली चूक दिसली नाही, तर इंग्रज ‘आय मिस्ड इट’ म्हणून दोष पत्करतो, स्पॅनिश माणूस ‘से मे पासो’ किंवा ‘से मे एस्कापो’ म्हणतो, आणि आपण ‘माझ्या नजरेतून सुटली’ म्हणतो. हे प्रयोग शिकवताना इंग्रजीच्या आधाराने शिकवू नका. आपल्या वाक्याची ठेवण मनात धरून विद्यार्थ्याला सांगा की, तुझ्या भाषेत जिथे ‘मे’, म्हणजे ‘मला’, आहे तिथे इंग्रजीत ‘आय’ येईल आणि दोषही त्याच्याबरोबर येईल.

तास चुकण्यात आणखी एक पीळ आहे. ‘आय मिस्ड द क्लास’ यावरून तास अनिच्छेने चुकला की मुद्दाम चुकवला ते कळत नाही. मराठीत ‘चुकला’ आणि ‘चुकवला’ यांतला फरक एका अक्षराचा आहे. स्पॅनिशमध्ये ‘मे पेर्दी ला क्लासे’ म्हटले की हळहळ दिसते आणि ‘फाल्ते आ क्लासे’ म्हटले की नुसती गैरहजेरी नोंदली जाते. मुद्दाम दांडी मारण्याला तर प्रत्येक देशाचा आपला शब्द आहे. स्पेनमध्ये ‘आसेर नोवियोस’, चिलीत ‘आसेर ला सिमार्रा’, मेक्सिकोत ‘इर्से दे पिंता’. वर्गात हा विषय काढून पाहा. गप्प बसणारे विद्यार्थीही बोलू लागतात.

‘फायार’विषयी फार सांगण्यासारखे नाही. गोळी, बाण, पेनल्टी यांचा नेम हुकला की ‘फायार’, आणि इंग्रजीत तिथे ‘फेल’ नव्हे तर ‘मिस’, एवढे ठसवले की काम भागते. फक्त ‘चेंडू डोक्याला लागता लागता राहिला’ अशा प्रसंगी इंग्रजीत ‘द बॉल जस्ट मिस्ड मी’ म्हणतात, हे त्यांना विचित्र वाटते, कारण इथे ‘मिस’ होण्यात दुःख नसून सुटका आहे. स्पॅनिशमध्ये ते ‘पोर पोको मे दा’, म्हणजे ‘थोडक्यात मला लागला असता’, असे उलट्या बाजूने सांगतात.

‘मिसिंग’ या रूपाला मात्र जपून हात लावावा. पुस्तकाचे पान नसेल तर ‘फाल्ता ऊना पाखिना’, भाजीत मीठ कमी असेल तर ‘फाल्ता साल’. इथे ‘फाल्तार’चा कर्ता ती नसलेली वस्तूच असते. माणूस बेपत्ता असेल तर शब्दकोश ‘देसापारेसिदो’ हा शब्द देतात आणि तो बरोबरही आहे. पण अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत ज्यांना उचलून नेले गेले आणि ज्यांचा पुढे ठावठिकाणाच लागला नाही, त्यांच्यासाठी हा शब्द नाम म्हणून रूढ झाला. १९७७ पासून ब्वेनोस आइरेसच्या प्लासा दे मायो या चौकात डोक्याला पांढरे रुमाल बांधून जमणाऱ्या माता आपल्या अशाच मुलांचा जाब विचारत होत्या. चिलीतही या शब्दाला तीच छाया आहे. त्यामुळे हरवलेल्या मांजराचे उदाहरण देताना ‘देसापारेसिदो’ वापरू नये. तिथल्या खांबांवरच्या कागदांवरही मांजर ‘पेर्दिदो’च असते.

राहता राहिला माणूस. इथे आपले ‘चुकणे’ साथ सोडते, कारण ‘मला आई चुकते’ असे आपण म्हणू शकत नाही. आपण ‘आईची आठवण येते’ म्हणतो आणि मग इंग्रजीत ‘आय रिमेंबर माय मदर’ असे लिहून बसतो, ही खास आपली चूक. स्पॅनिशमध्ये आठवण येणे म्हणजे ‘आकोर्दार्से’ आणि उणीव भासणे म्हणजे स्पेनमध्ये बहुधा ‘एचार दे मेनोस’, लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘एक्स्त्रान्यार’. ‘आसेर फाल्ता’ दोन्हीकडे चालते आणि त्याची घडण आपल्या ‘मला तुझी उणीव भासते’ या वाक्यासारखी आहे. ज्याला उणीव भासते तो मागे, नसणारा पुढे. या ठिकाणी ‘पेर्देर’ अजिबात येऊ देऊ नका. स्पॅनिश शिकण्याच्या दिवसांत मी एका मैत्रिणीविषयी ‘पेर्दी आ मी आमीगा’ असे मोठ्या प्रेमाने बोलून गेले होते. समोरच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मैत्रीण वारली, असे त्यांना वाटले होते. आमची केवळ चुकामूक झाली होती.

शेवटची बारीक खूण व्याकरणाची आहे. ‘एक्स्त्रान्यो त्राबाखार आयी’, म्हणजे ‘तिथे काम करण्याची उणीव भासते’, या वाक्यात स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप वापरते. त्यावरून विद्यार्थी ‘आय मिस टु वर्क देअर’ असे लिहितात. तिथे ‘वर्किंग’च हवे.

प्रश्न : मी म्हापशाचा. १९६१ पूर्वी शाळेत पोर्तुगीज शिकलो. माझा नातू स्पॅनिश शिकतो आणि तो सांगतो की ‘एचार’ म्हणजे फेकणे, ‘मेनोस’ म्हणजे कमी. मग ‘एचार दे मेनोस’ म्हणजे ‘कमी फेकणे’ झाले. यात विरह कुठून आला? मला यात आमच्या पोर्तुगीज ‘आशार’चा वास येतो. माझा तर्क बरोबर आहे का?

उत्तर : अगदी बरोबर आहे. या वाक्प्रचारात फेकण्याचा काही संबंध नाही. पोर्तुगीज ‘आशार’ म्हणजे सापडणे, आढळणे. त्यातल्या ‘श’चा उच्चार जुन्या काळी ‘च’ होता आणि पोर्तुगालला लागून असलेल्या स्पेनच्या गालिसिया प्रांतात तो आजही ‘च’च आहे. ‘आचार मेनोस’ म्हणजे ‘कमी आढळणे’. मेंढ्या मोजल्या आणि एक कमी भरली, पेटी उघडली आणि दागिना दिसला नाही, असा तो मूळ रोकडा, हिशेबी अर्थ. स्पॅनिश लोकांनी शेजाऱ्याकडून हा प्रयोग उचलला. ‘आचार’ हे क्रियापद त्यांच्याकडे नव्हते, म्हणून कानाला जवळच्या ‘एचार’मध्ये ते मिसळून गेले. पुढे मध्ये ‘दे’ही शिरला.

विशेष म्हणजे स्पॅनिशजवळ स्वतःचा, त्याच अर्थाचा प्रयोगही होता. सापडणे या अर्थाचे त्यांचे क्रियापद ‘आयार’ आणि तुमचे ‘आशार’ ही दोन्ही एकाच लॅटिन क्रियापदाची लेकरे मानली जातात. सेर्वांतेसच्या ‘दोन किखोते’ या कादंबरीत नायकाचा सेवक सांचो पान्सा याचे गाढव रात्रीत चोरीला जाते आणि पहाट होते, तेव्हा ‘आयो मेनोस सू रूस्यो’ असे शब्द येतात. सांचोला आपले करडे गाढव ‘कमी आढळले’. हा मजकूर १६०५ सालचा आहे. आज कोणी ‘आयार मेनोस’ म्हणत नाही, उसना प्रयोगच टिकला. मराठीत ‘पगार’ आणि ‘चावी’ ही पोर्तुगीजांकडूनच आलेली पाहुणी घरची होऊन बसली, तसेच हे झाले.

नातवाला एक गोष्ट आवर्जून सांगा. ‘ते एचो दे मेनोस’ लिहिताना ‘एचो’च्या आधी मूक ‘ह’चे अक्षर घालण्याची चूक खुद्द स्पॅनिश लोक सर्रास करतात, कारण ‘केलेले’ या अर्थाचा शब्द उच्चाराने अगदी तसाच आहे. आपल्याकडच्या ऱ्हस्वदीर्घासारखी ती त्यांची शाळकरी डोकेदुखी आहे. आणि ‘एक्स्त्रान्यार’विषयी तो विचारीलच. त्याच्या मुळाशी परका, परदेशी हा अर्थ आहे. जुन्या स्पॅनिशमध्ये त्याने हद्दपारीचाही अर्थ वाहिला. ‘मे एक्स्त्रान्या’ म्हणजे ‘मला नवल वाटते’ असा दुसरा अर्थ आजही जिवंत आहे. म्हणजे लॅटिन अमेरिकेतला माणूस ‘ते एक्स्त्रान्यो’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाच्या तळाशी तुझ्यावाचून सारे परके वाटते अशी भावना असावी, असे मला आपले वाटते. हे भाषाशास्त्र नाही.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त मेक्सिकोत मोन्तेर्रेय येथे असतात. नात तिथल्या शाळेत आपल्या बाईंना ‘मिस’ म्हणते. त्या बाई विवाहित आहेत, असे मुलगी सांगते. मग ‘मिस’ कसे? आणि या ‘मिस’चा क्रियापदाशी काही संबंध आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : संबंध नाही. नावाआधी येणारे ‘मिस’ हे ‘मिस्ट्रेस’ या शब्दाचे तोकडे रूप आहे. ‘मिसेस’ आणि ‘मिझ’ ही रूपेही त्याच शब्दाची. ‘मिस्ट्रेस’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ घरची मालकीण किंवा शिकवणारी स्त्री असा होता. विवाहाची खूण त्याला नंतर चिकटली. ती काढून टाकण्यासाठी १९७० च्या दशकात अमेरिकेत ‘मिझ’चा पुरस्कार झाला आणि २०१२ मध्ये फ्रान्सने सरकारी कागदपत्रांतून अविवाहित स्त्रीसाठीचे ‘मादम्वाझेल’ वगळले. आपल्याकडे कुमारी, सौ. आणि श्रीमती यांची ओढाताण चालूच आहे. ‘श्रीमती’ लिहिले की पूर्वी विधवा समजत, आता ते कोणत्याही स्त्रीला लावतात.

स्पॅनिशमध्ये ‘सेन्योरीता’ हे ‘सेन्योरा’चे लघुरूप. त्याचे पुल्लिंगी रूप ‘सेन्योरीतो’ असे होते, पण त्याचा अर्थ अविवाहित पुरुष असा नसून बापाच्या जिवावर मजा मारणारा लाडावलेला श्रीमंत पोरगा असा होतो. स्त्रीचे लग्न विचारायचे आणि पुरुषाची मिळकत, अशी ही वाटणी आहे!

शाळेत मात्र लग्नाचा प्रश्नच येत नाही. मेक्सिकोत, पेरूत आणि चिलीतही, विशेषतः खाजगी शाळांत, मुले शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात आणि पाठीमागेही ‘ला मिस’ असाच उल्लेख करतात. स्पेनमध्ये लहान मुले ‘सेन्योरीता’ तोडून ‘ला सेन्यो’ करतात. आपल्या मराठी शाळेतल्या ‘बाई’ जशा विवाहित, अविवाहित, तरुण, वृद्ध सगळ्या असतात, तशाच या. नातीला दुरुस्त करू नका.

प्रश्न : ‘मिस्ड कॉल दे’ हे स्पॅनिशमध्ये कसे म्हणावे? ही आपल्याकडचीच रीत आहे का? (पुणे)

उत्तर : न उचललेला फोन म्हणजे ‘यामादा पेर्दिदा’. पण मुद्दाम एकदा वाजवून ठेवून देणे, पैसे वाचवून निरोप पोहोचवणे, ही रीत केवळ आपली नाही. स्पेनमध्येही ती चांगली रुळलेली होती. तिथे ‘आथ्मे ऊना पेर्दिदा’, म्हणजे ‘मला एक चुकलेला कर’, किंवा ‘दामे उन तोके’, म्हणजे ‘मला एक टिचकी दे’, असे म्हणत. इंग्रजीतले ‘गिव्ह मी अ मिस्ड कॉल’ हे प्रामुख्याने भारतीय उपखंडाचे आहे. लंडनचा माणूस ते ऐकून गोंधळतो, कारण चुकलेली गोष्ट मुद्दाम कशी द्यायची? तो प्रश्न माद्रिदच्या माणसाला पडत नाही.

एवढेच सांभाळा की, इथल्या ‘पेर्दिदा’त आघात मधल्या ‘दि’वर आहे. वर पत्त्याच्या संदर्भात आलेल्या ‘नो त्येने पेर्दिदा’त तो पहिल्या ‘पेर्’वर येतो आणि लिहिताना त्या स्वरावर आघातचिन्ह द्यावे लागते. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून वहीत स्पॅनिश लिपीतच उतरवून घ्या. शिवाय मधल्या आघाताचा ‘पेर्दिदा’ हा शब्द जुन्या पिढीत वाया गेलेल्या बाईसाठीही वापरत, त्यामुळे फोनचा विषय आहे हे आधी स्पष्ट होऊ द्यावे.